दाखल्यावरचा धर्म आणि रविवारचा वर्ग

कॅथलिक तरुणांना नीती शिकवण्यासाठी आज जी पुस्तकं वापरली जातात, ती बहुतेक युरोपात तयार झाली. 'यूकॅट' हा तरुणांसाठीचा प्रश्नोत्तरी धर्मबोध २०११ साली आला. तो मूळ जर्मनमध्ये, व्हिएन्नाचे कार्डिनल श्योनबोर्न यांच्या देखरेखीखाली लिहिला गेला. सामाजिक शिकवणुकीवरचं 'डोकॅट' २०१६ साली त्याच पठडीत आलं. पुस्तकं चांगली आहेत. मात्र त्यांनी डोळ्यांपुढे धरलेल्या मुलाच्या आसपास कुणालाच देवाचं काही पडलेलं नसतं आणि श्रद्धा टिकवायची कशी, हा त्याचा प्रश्न असतो. लातूरच्या ट्यूशन एरियात खोली करून राहणाऱ्या मुलाचं याच्या उलट आहे. त्याच्या आजूबाजूला देव भरपूर आहेत. त्याचा स्वतःचा देव कोणत्या कागदावर लिहायचा आणि कोणत्या नाही, इथं तो अडतो.

म्हणून नांदेड-लातूर पट्ट्यातल्या कॅथलिक मुलामुलींच्या नीतिशिक्षणाची सुरुवात परीक्षा आणि जातीचा दाखला या दोन ठिकाणांहून व्हावी, असं माझं म्हणणं आहे. गर्भपात, समलैंगिकता, मोबाइल हे विषय टाळायचे नाहीत, पण ते नंतर. जो मुलगा सतराव्या वर्षी प्रतिज्ञापत्रावर काय लिहायचं या विचारानं जागा राहतो, त्याला जर्मनीतल्या तरुणांच्या शंकांची उत्तरं पाठ करून घेण्यात काय हशील?

कोण आहेत ही मुलं

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे एक टक्क्याहून जरा कमी. त्यातले बहुतेक मुंबई, वसई, पुणे, नगर या बाजूंना. नांदेड-लातूरकडे ही संख्या अगदी विरळ होत जाते. चर्चच्या व्यवस्थेत हे जिल्हे औरंगाबाद धर्मप्रांतात येतात. तो १९७७ साली अमरावतीपासून वेगळा झाला. मराठवाड्यातलं जुनं मिशनकार्य फ्रान्सालियन धर्मगुरूंचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैजापूर-गंगापूरच्या बाजूला घोगरगावी ते सुरू झालं, आणि तिथं चर्चमध्ये आले ते मुख्यतः गावकुसाबाहेरचे लोक. आजच्या प्रश्नाची निम्मी गुंतागुंत तिथून सुरू होते.

वसईच्या मुलाला गल्लीत दहा कॅथलिक मित्र असतात, मराठीतलं 'सुवार्ता' मासिक घरी येतं. नांदेडच्या मुलीच्या वर्गात ती बहुधा एकटीच. तिला 'तुम्ही बाटलेले का?' हे कधी ना कधी ऐकावं लागतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीवर आधी वादंग माजला होता, तरी संमेलन पार पडलं. लातूरपासून दीड-दोन तासांवर एक कॅथलिक धर्मगुरू मराठी साहित्याच्या व्यासपीठावर बसलेला त्या भागातल्या मुलांना दिसला. मुलांसमोर आदर्श ठेवताना इटलीतल्या संतांच्या आधी हे नाव घ्यावं. त्यासाठी वेगळं भाषांतरही लागत नाही, कारण मराठीतलं 'सुबोध बायबल' त्यांचंच आहे.

वजनमापं

कॅथलिक नीतिशास्त्राची पद्धत जुनी आणि बारकाईची आहे. मुलांपर्यंत ती पोचत नाही, पोचते फक्त निकालांची यादी: हे पाप, ते पाप नाही. पद्धत अशी की कुठलीही कृती तीन अंगांनी तपासायची. प्रत्यक्ष काय केलं, कशासाठी केलं, कोणत्या परिस्थितीत केलं. कॅथलिक चर्चच्या १९९२च्या धर्मबोधात (परिच्छेद १७५० आणि पुढचे) हे स्वच्छ मांडलं आहे. चांगल्या हेतूनं वाईट कृती चांगली होत नाही. परिस्थितीनं दोष कमी-जास्त होतो, कधी जवळजवळ पुसला जातो, पण कृतीचं नाव बदलत नाही.

दुसरं माप सहभागाचं. दुसऱ्याच्या वाईट कामात माझा हात किती? त्याचा हेतू मलाही मान्य असला तर मी त्याचा भागीदार. मान्य नसताना माझ्या एखाद्या कृतीचा त्याला उपयोग झाला, तर तो उपयोग किती जवळचा आणि मला तो टाळता आला असता का, हे बघायचं. अठराव्या शतकातल्या संत आल्फान्सो लिगोरी यांनी ही तपासणी कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी घोटून ठेवली. नववीतल्या मुलालाही ती कळते. वर्गात कोण कुणाला चिठ्ठी देतं आणि कोण फक्त मान वळवून बसतं, यातला फरक त्याला आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो.

तिसरं माप सदसद्विवेकबुद्धीचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली विवेकबुद्धीला माणसाचं अंतर्यामीचं पवित्र स्थान मानलं, आणि थॉमस अक्वायनस तर चुकलेली विवेकबुद्धीही माणसाला बांधते, इथवर गेले. धर्मशिक्षक इथं बिचकतात. मुलांना हे सांगितलं तर प्रत्येक जण 'माझं मन म्हणतं' म्हणून सुटेल, ही भीती. पण विवेकबुद्धी घडवण्याची जबाबदारीही त्याच शिकवणुकीत आहे. ज्याला मापं दिली नाहीत, त्याच्या मनानं चुकीचा कौल दिला तर दोष कुणाचा?

पेपर

'लातूर पॅटर्न'नं मुलांना मार्क मिळवून दिले. 'नांदेड पॅटर्न' हे नाव मात्र कॉपीमुक्तीसाठी गाजलं. श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना, २०१०च्या सुमारास, दहावी-बारावीच्या केंद्रांवर असा बंदोबस्त लागला की निकाल धाडकन खाली आला आणि आधीचे निकाल कसे लागत होते ते उघडं पडलं. मग २०२४. ५ मे रोजी वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा झाली, जूनमध्ये नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकानं लातूरमधल्या दोन जिल्हा परिषद शिक्षकांची चौकशी केली. पैसे घेऊन मार्क वाढवून देण्याचा आरोप होता, मोबाइलमध्ये मुलांची प्रवेशपत्रं सापडल्याचं सांगितलं गेलं. तपास पुढे सीबीआयकडे गेला.

यातला नीतीचा भाग 'चोरी वाईट' एवढ्यावर आटपत नाही. समजा, मुलाला काहीच माहीत नाही आणि बापानं पैसे भरले. समजा, मुलाला माहीत आहे, तो विरोध करतो, बाप म्हणतो, 'दोन एकर विकलंय, तू फक्त पेपरला बस.' आणखी एक: मुलीनं पैसे दिले नाहीत, पण टेलिग्रामच्या ग्रुपवर आलेलं तिनं उघडून पाहिलं, आणि बघितल्यावर ते विसरता येत नाही.

पहिल्या मुलाचा दोष नाही, पण कळल्या दिवसापासून परतफेडीचा प्रश्न उभा राहतो. सातव्या आज्ञेखाली बळकावलेलं परत करणं बंधनकारक आहे, आणि इथं बळकावलेली वस्तू म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी सीट. दुसऱ्याच्या बाबतीत चौथी आज्ञा आडवी येते. आईबापाचा मान राखायचा हे खरं, पण एखादी गोष्ट करणं नीतीनं चूक आहे अशी मुलाची खात्री झाली असेल तर त्यानं ऐकू नये, असं धर्मबोधच (२२१७) सांगतो. हे वाक्य पालकांच्या सभेत वाचून दाखवावं. आपल्याकडे चौथी आज्ञा पालक हाती धरतात ती मुलांवर उगारायला. त्यांनाही तिची मर्यादा ऐकू द्यावी. तिसऱ्या मुलीला मी गुन्हेगार म्हणणार नाही. ग्रुप सोडावा, कुणाला फॉरवर्ड करू नये, आणि खात्रीचं काही हाती असेल तर मोठ्या माणसाकरवी तक्रार द्यावी. तिनं एकटीनं पोलीस ठाण्यात जावं, अशी अपेक्षा सोळा वर्षांच्या मुलीकडून धर्मही करत नाही.

दाखला

आता अवघड भाग. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीचा लाभ नव्हता. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ साली ही धर्माची अट काढून टाकावी असं सुचवलं. २०२२च्या ऑक्टोबरात केंद्रानं न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागास वर्गात धरतात. राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के आणि ओबीसींना १९ टक्के जागा आहेत. पण टक्क्यांच्या आकड्यावरून फसू नये. ओबीसी मोठा गट, कट-ऑफ वेगळा, फीची सवलत वेगळी, नॉन-क्रिमिलेअर मागणार, आणि जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा.

याचा अर्थ मुलाच्या घरात असा होतो. एकाच आजोबांची दोन नातवंडं. थोरल्या मुलाकडचे बौद्ध झाले, धाकट्याकडचे कॅथलिक. गावात दोघांना एकाच विहिरीवरून हटकलेलं. २०१६ साली भारतीय बिशपांच्या परिषदेनं दलित सक्षमीकरणाचं जे धोरण काढलं त्यात जातिभेद चर्चमध्येही आहे हे कबूल केलंच आहे, म्हणजे धाकट्याकडच्यांना जात तिथंही सुटली नाही. एका नातवाला दाखला मिळतो, दुसऱ्याला नाही. मग दुसऱ्याच्या टी.सी.वर पहिलीतच मास्तरांनी किंवा बापानं हिंदू आणि जातीचं नाव लिहून ठेवलेलं असतं. शाळेत एक नाव, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत दुसरं. गावात याची कुणाला फारशी लाज वाटत नाही, चर्चलाही माहीत असतं, आणि बोलत कुणीच नाही.

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पुद्दुचेरीच्या एका महिलेच्या खटल्यात यावर निकाल दिला. तिचा बाप्तिस्मा लहानपणीच झाला होता, ती नियमित चर्चला जात होती आणि नोकरीसाठी हिंदू म्हणून दाखला मागत होती. श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेणं ही संविधानाशी लबाडी आहे, असं न्यायालयानं म्हटलं.

धर्मशिक्षकानं इथं मापं बाहेर काढावीत. टी.सी.वरची पहिलीतली नोंद ही मुलाची कृतीच नाही, त्याबद्दल त्याला कबुलीजबाबाला बसवणं अन्याय. नोंद तशीच राहू देणं आणि गप्प बसणं ही दुसरी पायरी. अक्वायनस सांगतात की श्रद्धेचा उच्चार प्रत्येक वेळी, प्रत्येक ठिकाणी करण्याचं बंधन नाही. गप्प राहणं म्हणजे नाकारणं नव्हे. वर्गात आडनाव विचारून जात काढणाऱ्याला आपण कॅथलिक आहोत हे सांगायला कुणीही मुलगी बांधलेली नाही. तिसरी पायरी स्वतःच्या सहीची: अठरा पूर्ण झाल्यावर तहसील किंवा सेतू केंद्रात 'मी हिंदू धर्म पाळतो' असं प्रतिज्ञापत्र. ही कृती खोटी आहे. डॉक्टर होऊन गावात दवाखाना काढायचा हेतू चांगला, कायदा अन्यायाचा, परिस्थिती दडपणाची. दोष हलका होईल, कृतीचं नाव बदलणार नाही. आणि व्यवहारही हेच सांगतो: पडताळणीत पकडलं गेलं तर प्रवेश जातो, पदवी जाते, गुन्हा दाखल होतो.

एवढं सांगून हात झटकणाऱ्या धर्मगुरूला मात्र हे सांगण्याचा अधिकार निम्माच आहे. खोटं बोलू नको म्हणायचं, तर खरं बोलून जे मिळतं ते मिळवून देण्याची धावपळ चर्चनं करायला हवी. मुलगा आठवीत असतानाच घरी जाऊन आजोबांचे शाळेचे कागद, बाप्तिस्म्याची नोंद, जुना सातबारा गोळा करायचे, ओबीसीचा दाखला आणि पडताळणी बारावीच्या आत उरकायची. हे नीतिशिक्षणच आहे, ऑफिसचं काम नव्हे. मराठवाड्यात मराठा-कुणबी दाखल्यांबाबतच्या २ सप्टेंबर २०२५च्या हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयानंतर गावोगाव लोक जुन्या नोंदी शोधू लागले. त्या गर्दीत ख्रिस्ती कुटुंबाची फाइल धरून उभं राहायलाही कुणीतरी लागतं.

यातून एक पोटप्रश्न निघतो आणि मुलं तो विचारतातच: दृढीकरणाचा संस्कार बारावीनंतर घेतला तर चालेल का? म्हणजे प्रवेश होईपर्यंत चर्चच्या वहीत आणखी एक नोंद नको. माझं मत, चालेल. दृढीकरण लांबवणं हे पाप नव्हे, आणि तेल लावून घेताना मुलाच्या डोक्यात कट-ऑफ फिरत असेल तर घाई कशाला? मात्र लांबवण्याचं कारण त्यानं स्वतःशी खरं बोलावं आणि धर्मशिक्षकाला सांगावं.

प्रसाद आणि लंगर

हा प्रश्न त्या मानानं सोपा आहे आणि विनाकारण अवघड केला जातो. होस्टेलवर गणपती बसतो, वर्गणी मागतात, आरतीनंतर हातावर खोबऱ्याचा तुकडा येतो. नांदेडमध्ये तर सचखंड हुजूर साहिब गावातच आहे. गुरू गोविंदसिंगजींचं १७०८ साली जिथं निर्वाण झालं, त्या गुरुद्वाऱ्यात रोज लंगर चालतो, आणि मेस बंद असलेल्या रविवारी क्लासची पोरं तिथं जेवून येतात. संत पौलानं करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाबद्दल हाच प्रश्न सोडवला आहे. अन्नानं काही बिघडत नाही; आपल्या खाण्यामुळे दुसऱ्याच्या श्रद्धेचा घोटाळा होतो का, ते पाहा. त्याच्या जोडीला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं १९६५चं 'नोस्त्रा आएताते' हे घोषणापत्र आहे, इतर धर्मांतल्या सत्याचा आदर करायला सांगणारं. डोकं झाकून पंगतीत बसणं, भांडी घासणं, सेवा करणं यात कॅथलिक मुलाचं काहीच जात नाही. पूजेचं ताट स्वतः हाती घेऊन ओवाळणं वेगळं, कारण ती उपासनेची कृती आहे. यापलीकडे नियमांचं भेंडोळं नको.

प्रेम, लग्न, शरीर

पाश्चात्त्य पुस्तकं या प्रकरणाला बरीच पानं देतात. त्यातलं काही इथं जसंच्या तसं लागू पडतं. मोबाइलवरची अश्लीलता लातूरच्या खोलीतही तीच आहे आणि तिच्याबद्दल बोलायला कुणी नसणं हे जास्त वाईट. समलैंगिक मुलामुलींबद्दल धर्मबोध (२३५८) आदर, करुणा आणि अन्यायकारक भेदभाव टाळणं मागतो. त्यामुळे होस्टेलवर एखाद्याला चिडवणाऱ्या घोळक्यात कॅथलिक मुलानं उभं राहू नये, हे तरी बिनचूक सांगता येतं.

गर्भपाताचा विषय मात्र इथून सुरू करावा लागतो की शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ साली शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. अमेरिकेतला वाद हक्कांचा आहे, आपल्या घरातला सोनोग्राफी मशिनचा. पोटातल्या जिवाच्या बाजूनं उभं राहणारी शिकवण इथं मुलींच्या बाजूनं उभी राहते, आणि मुली ते पटकन ओळखतात.

लग्नाचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होतं. नांदेडला लागून असलेल्या परभणीत ते निम्म्याच्या जवळ. चर्चचा स्वतःचा कायदा (कलम १०८३) मुलीला चौदा आणि मुलाला सोळा वर्षं एवढीच किमान मर्यादा घालतो, पण भारतात अठरा-एकवीसच्या आत लावलेलं लग्न गुन्हा आहे. धर्मगुरूनं 'चर्चला चालतं' अशी पळवाट देऊ नये.

आणि प्रेम. २०२५च्या नोव्हेंबरात नांदेडमध्ये विशीतल्या एका दलित तरुणाचा खून झाला. आरोप प्रेयसीच्या घरच्यांवर आहे. या पट्ट्यातल्या मुलांना ती बातमी पाठ आहे. त्यामुळे आंतरजातीय-आंतरधर्मीय प्रेमाबद्दल बोलताना चर्चची मिश्रविवाहाची परवानगी कशी मिळते हे सांगणं दुय्यम. आधी जिवाचा प्रश्न. अशा मुलामुलीनं पळून जाण्याआधी जिच्याकडे जावं अशी एक तरी प्रौढ व्यक्ती चर्चमध्ये असावी.

गुप्ततेची हद्द

चर्चमधल्या या प्रौढ व्यक्तीला एक वचन देता येत नाही: 'कुणालाही सांगणार नाही.' २०१२च्या पॉक्सो कायद्याचं एकोणिसावं कलम मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलेल्या प्रत्येकाला तो पोलिसांना कळवायला लावतं. न कळवणं हा शिक्षेचा गुन्हा आहे. कबुलीजबाबाची मोहोर चर्चच्या कायद्यात अभंग आहे (कलम ९८३), पण ती संस्कारात बसलेल्या धर्मगुरूपुरती. सिस्टर, धर्मशिक्षक, होस्टेलचे वॉर्डन यांना ती नाही. म्हणून धर्मगुरूनं कबुलीजबाबात असं काही ऐकलं तर मुलीला हळूच सुचवावं, हेच बाहेर येऊन सिस्टरना सांग. आरोप चर्चमधल्याच माणसावर असला तर पोप फ्रान्सिस यांच्या २०१९च्या 'व्होस एस्तिस लुक्स मुंदी' या आदेशानं चर्चच्या आतही कळवणं बंधनकारक केलं आहे.

आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या मुलाबाबतही गुप्तता नाही. लातूरच्या खोलीतून निकालाच्या रात्री आलेला फोन पाप-पुण्याच्या चर्चेसाठी नसतो. १९१७चा चर्च कायदा जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारत असे; १९८३च्या कायद्यात ते कलम नाही, आणि धर्मबोध (२२८२–८३) मानसिक यातनांनी जबाबदारी कमी होते असं मानतो व अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये म्हणतो. ज्या घरात कर्जापायी बापानं जीव दिला, त्या घरच्या मुलीला हे आधी सांगावं, कारण 'बाबा नरकात गेले का' हे ती कुणाला विचारत नाही. टेली-मानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन नंबर वर्गाच्या फळ्यावर कायम असावेत. कोणती गोष्ट गुप्त राहील आणि कोणती राहणार नाही, हे जूनच्या पहिल्या रविवारी, मिस्सेनंतर, पालक आणि मुलं एकत्र बसलेली असताना वाचून दाखवावं, आणि वर्ग घेणाऱ्या प्रत्येकानं त्या कागदावर सही करावी.